ग्रासिएलाच्या करंज्या

नाही, पण सात म्हणजे सातच ना हो? का देशागणिक सातचा अर्थ बदलतो? आमंत्रणात स्वच्छ सात लिहिलेलं, मी आपला पावणेसातला अवोन्डेलच्या त्या हॉलच्या दारात हजर, अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, जूनमधली ऑकलंडची थंडी, वर आडवा पाऊस... आणि दाराला हे एवढं कुलूप! चिटपाखरू नाही! ज्यांची पार्टी ते लोक कुठे? तर आपापल्या घरी, अंघोळ करत! सव्वाआठला एक किल्लीवाले गृहस्थ आले, केस ओले, आणि मलाच म्हणतात, "ओह! यू आर अर्ली!" अर्ली! तेहतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो मी, पुण्यातल्या भल्याभल्या दुकानदारांच्या तागड्या खाली उतरवल्यात, आणि मी अर्ली? पण जाऊ दे. मला काय त्याचं? मी फक्त सोबत म्हणून गेलो होतो.

आता तुम्ही विचाराल, नीलकंठराव, तुम्ही दक्षिण अमेरिकेतल्या लोकांच्या नाचगाण्यात काय करत होतात? तेच तर सांगतोय! आम्ही मुलाकडे आलोय, परेशकडे, हिल्सबरोला. घर छान. समुद्र दिसतो. माणूस दिसत नाही. संध्याकाळी साडेपाचला दुकानं बंद, साडेआठला दिवे बंद, आणि नऊनंतर रस्त्यावर कोणी चालताना दिसला तर शेजारी पडद्याआडून बघतात, की याला काही झालंय का! परेशला म्हटलं, अरे, तुझे मित्र नाहीत का? तर म्हणतो, "आहेत ना बाबा, हीप्स, म्हणजे ढीगभर आहेत. पुढच्या महिन्याच्या तेवीस तारखेला दोन ते चार भेटतोय, कॅलेंडर ब्लॉक केलंय." मैत्री ब्लॉक करतात! आणि तेवीसला भेटले तर बोलले काय? घरांचे भाव, आणि पुण्यात ट्रॅफिक किती वाढलंय! अरे, तुम्ही तिथे राहत नाही, ट्रॅफिक आमचं, तुम्ही कशाला दमता?

तर मी काय करायचो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायचो. एकवीस जुलैचं परतीचं तिकीट, दोघांचं, शेजारशेजारच्या सीटा. सहकारनगरचं आमचं घर, सकाळचं फिरणं, कट्ट्यावरची मंडळी... माझी एकच इच्छा होती, एकवीसला विमानात बसायचं.

आणि इथे ती करंजी आडवी आली.

रविवारी सकाळी अवोन्डेलच्या बाजारात आम्ही मेथी आणायला जातो. तिथे एका बाईच्या टेबलावर करंज्या! मंदाकिनी, म्हणजे आमची ही, जागीच थांबली. "अहो, करंज्या!" मी म्हटलं, चल, आपल्या नसतील. पाटीवर एम्पनाडा की काय लिहिलेलं. पण ही ऐकते? एक उचलली, उलटसुलट केली, आणि त्या बाईला चक्क मराठीत, "अगं बाई, अशी घालतात का मुरड? ही तर उकलेल!" ती बाई, ग्रासिएला तिचं नाव, अर्जेंटिनाची, वय हिच्याएवढंच, तिला मराठीचा गंध नाही, हिला स्पॅनिशचा नाही, आणि इंग्रजी दोघींचं सारखंच, बेताचं. ती हसली, पीठ पुढे सरकवलं. हिने बाह्या वर केल्या, घातली मुरड, बारीक, एकसारखी. ग्रासिएलाने ते बघितलं आणि ओरडली, "अमीगा!" म्हणजे मैत्रीण! आणि घेतला की हो हिचा मुका! गालावर! भर बाजारात!

त्यानंतर ही मला दिसेनाशीच झाली. गुरुवारी ग्रासिएलाकडे, शनिवारी ग्रासिएलाकडे. ती स्पॅनिशमध्ये सुनेची तक्रार सांगते, ही मराठीत सांगते, आणि दोघींना सगळं कळतं! नात ऋचा म्हणते, "आजोबा, आजी इज हीप्स कूल." म्हणजे मी कोण? आणि एक दिवस चहा पिता पिता ही शांतपणे म्हणते, "एकवीसला तुम्ही व्हा पुढे. सप्टेंबरात त्यांचा मोठा कार्यक्रम आहे, मला नाचात घेतलंय. तो झाला की येते मी."

एक्केचाळीस वर्षांत ही बाई मला कधी 'तुम्ही व्हा पुढे' म्हणाली नव्हती. माहेरी जातानासुद्धा माझी दोन दिवसांची भाजी चिरून ठेवून जायची. चहा गार झाला माझा. खोटं कशाला बोलू, घाबरलो मी.

म्हणून त्या शुक्रवारी मी ठरवलं, जायचं, बघायचं काय आहे हे, आणि हिला तिथून उठवून आणायचं. घरात मात्र सांगितलं, रात्रीची वेळ, बाईमाणसाला आणायला कोणी नको? मी आपला सोबत म्हणून जातो.

तर साडेआठनंतर लोक यायला लागले. आणि काय ती आल्याची पद्धत! आपल्याकडे मंडळाच्या कार्यक्रमात माणूस येतो, खुर्ची धरतो, स्वेटर ठेवून शेजारची बायकोसाठी धरतो, विषय संपला. इथे येणारा प्रत्येक माणूस हॉलमधल्या प्रत्येक माणसाच्या गालाला गाल लावणार! चाळीस माणसं, चाळीस गाल! मी आपला लांबून हात जोडले, तर जोडलेल्या हातांसकट मिठी! एका दाढीवाल्याने माझ्या गालावर असा काही आवाज काढला की माझी कानटोपी फिरली! आणि संगीत? कानठळ्या! दीपप्रज्वलन नाही, प्रास्ताविक नाही, अध्यक्षांची ओळख नाही, 'पांढऱ्या गाडीवाल्यांनी गाडी काढावी' नाही... अहो, कार्यक्रम सुरू झाला हे कळणार कसं माणसाला?

आणि मधोमध आमची ही! काठपदराची साडी, पायात ऋचाचे बूट, आणि नाचतेय! डोळे मिटून! मंगळागौरीला लग्नाच्या पहिल्या वर्षी फुगडी घातली होती तेवढीच, त्यानंतर मी हिला घामाघूम झालेली फक्त स्वयंपाकघरात पाहिली. मी कोपऱ्यातली खुर्ची पकडली. कोणी विचारलं, "डान्स?" की मी म्हणायचो, "नो नो, ओन्ली सोबत."

दहाला, बरं का, दहाला, आपण झोपून पहिला डुलका होऊन पाणी प्यायला उठतो तेव्हा, यांची जेवणाची वेळ झाली! ग्रासिएलाने टेबलावरची फडकी काढली. खाली दोनशे चाळीस करंज्या. आणि ती किंचाळली. "आय, दियोस!" संगीत बंद.

झालं काय होतं, सांगतो. त्या लोकांत करंजीची कड ही खूण असते. दोरीसारखा पीळ दिला की आत कोंबडी. काट्याने दाबली की चीज. चिमटे काढले की मका. कड बघायची आणि उचलायची. आणि दुपारी ग्रासिएला गाणाऱ्याला आणायला गेली, तेव्हा तिच्या घरी एकट्या असलेल्या आमच्या हिने, कच्च्या दोनशे चाळीस करंज्या बघितल्या, म्हणाली, शी, काय या बेंगरूळ कडा, एक धड नाही! आणि बसून सगळ्यांना, अगदी प्रत्येकीला, आपली बारीक मुरड घातली! ग्रासिएला आली तोवर सगळ्या भट्टीत भाजून, ट्रे फडक्याखाली झाकून हॉलवर न्यायला तयार. आता सगळ्या सारख्या! त्यांच्यातली निम्मी तरुण मंडळी शाकाहारी, दोघातिघांना चीज सोसत नाही, आणि फोडून बघाव्यात तर वाढणार काय, चुरा?

खरं सांगू? मी मनातून खूश झालो. म्हटलं, सुटलो! आता ग्रासिएला चिडणार, आमची ही रडणार, एकवीसला दोघं विमानात. देव आहे!

मग मी हिच्याकडे बघितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. अशीच उभी होती ही, लग्नानंतरच्या पहिल्या होळीला, पुरणपोळी तव्यावर फाटली तेव्हा. माझी आई चार माणसांत लागेल ते बोलली. आणि मी? मी तिथेच पेपर वाचत होतो. पेपर खाली घेतला नव्हता मी. एक्केचाळीस वर्षं झाली, तिने कधी काढलं नाही, पण मला त्या दिवशी हॉलमध्ये ते वाईट टोचलं हो.

उठलो. कानटोपी काढली. हात धुतले. ग्रासिएलाला विचारलं, "पुरी वन साइझ? स्पून वन?" ती म्हणे, सी, सी, म्हणजे हो, हो. मग काय राहिलं? पुरीचं माप एक, चमचा एक, तर वजनातला फरक सारणाचाच! तीन सारणांचे तीन नमुने मिळेपर्यंत पाच फोडल्या, हातावर घेऊन तोलल्या. चीज हलकं. मका मधला. कोंबडी जड. आणि लागलो कामाला. उजव्या तळव्यावर घ्यायची, डोळे मिटायचे, "चीज!" डावीकडे. "मका!" मध्ये. "कोंबडी!" उजवीकडे. विसाव्या करंजीला कोणीतरी टाळी वाजवली, पन्नासाव्याला ताल धरला, आणि शंभराव्याला तो दाढीवाला ढोल घेऊन माझ्या शेजारी! मी "मका!" म्हणतो, अख्खा हॉल "माका!" म्हणतो! "डॉन नीलो! डॉन नीलो!" डॉन म्हणजे त्यांच्यातलं 'राव'! अहो, तेहतीस वर्षं नोकरी केली, मी दुकानात शिरलो की लोक मागच्या दाराने पळायचे. माझं वजन करणं बघून नाचणारी माणसं मी जन्मात पहिल्यांदा पाहिली!

आणि मंदाकिनी माझ्याकडे बघत होती. अशी बघत होती की... जाऊ दे, तुम्हाला काय सांगायचं ते.

शेवटची करंजी उरली. ग्रासिएला म्हणाली, ही डॉन नीलोची! मी तोलली, म्हटलं, "मका!" आणि सगळ्यांच्या देखत मोठा घास घेतला.

आता आमच्या खात्यात, बघा, प्रत्येक मापाला थोडी चूक माफ असते. कायद्यातच आहे तसं. दोनशे चाळीसात एखादी चुकायची. फक्त ती एक नेमकी माझ्याच तोंडात यावी? पिढ्यान् पिढ्या आमच्या घरात अंडं आलेलं नाही हो! ही पुढे आली, डोळ्यांत पाणी, विचारते, "अहो, कशी आहे?" चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. थुंकू? कुठे? गिळली.

म्हटलं, "मुरड उत्तम आहे."

दुसऱ्या दिवशी परेश तिकिटं बदलायला बसला. "बाबा, आईचं सप्टेंबरचं करतो. तुमचं एकट्याचं एकवीसच ठेवू?" मी कॅलेंडरकडे बघितलं. म्हटलं, नको, माझंही सप्टेंबरचं कर. ही नाचायला जाणार, परत आणायला कोणी नको? आता दर शुक्रवारी मला नऊची वेळ देतात, मी साडेनऊला जातो, तरी अर्लीच होतो. नाचत वगैरे नाही मी. फक्त सोबत म्हणून जातो. आणि ती करंजी मक्याचीच होती. पुण्यात कोणी विचारलंच, तर लक्षात ठेवा... मक्याची.