मेव्हण्याने मागितलेली खुर्ची

...आणि म्हणे पोरीला शिकवा! नाही, तुम्हीच सांगा, लाइसानीला राजधानीत, सुवाच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला पाठवलं हे माझं चुकलं का? सुट्टीला गावी आली आणि कसाव्याचे कंद सोलता सोलता म्हणते, "बाबा, गाव ज्याला योग्य म्हणतं ती नैतिकता. ते योग्य का, हे स्वतः तपासणं म्हणजे नीतिशास्त्र." बरं, मी ऐकून सोडून दिलं असतं, पण तेवढ्यात आला ना वाइसाके, बायकोचा भाऊ! माझ्या आरामखुर्चीकडे बघतो आणि म्हणतो, "केरेकेरे, दाजी."

संपलं! केरेकेरे म्हटलं की वस्तू द्यायची, आपल्या माणसाला नाही म्हणायचं नाही, बापजाद्यांपासून हेच. माझी कुदळ अशीच गेली, पातेलं गेलं, निळा सदरा तर अंगावरून गेला... पण खुर्ची? तुम्हाला सांगतो, प्रश्न खुर्चीचा नव्हता हो, तत्त्वाचा होता! म्हटलं, वाइसाके, ही झाली तुझी नैतिकता. मी आता नीतिशास्त्रात आलोय. नाही मिळणार!

तो गेला. संध्याकाळी सगळे कावा, म्हणजे आमचं मुळ्या कुटून केलेलं पेय, प्यायला बसलो, तर वाटी पुढे करून म्हणतो, "घ्या दाजी. तब्येत बरी आहे ना?" सभ्यपणे! अहो, आमच्यात मेव्हण्यानं दाजीची टिंगल केली नाही तर कुणीतरी गेलंय असं समजतात. ह्यानं आजवर माझं टक्कल सोडलं नाही, घोरणं सोडलं नाही, आणि आज तब्येत विचारतो? वाटी तशीच खाली ठेवली. त्यात घरी कुणी चिमूटभर मीठ मागायलासुद्धा फिरकेना. खुर्चीत बसलो की खुर्ची टोचायची, आडवा झालो की झोप नाही... पण प्रश्न खुर्चीचा नव्हता ना, तत्त्वाचा होता!

शेवटी पोरीलाच धरलं. ती म्हणाली, "मामाला खुर्ची कशाला हवी होती, विचारलंत का?"

नाही विचारलं.

"मग तपासलंत काय, बाबा?"

गेलो विचारायला. तर माझ्या सासूला गुडघ्यांमुळे चटईवरून उठता येईना, म्हणून हवी होती. आता बोला! अजूनही माशाचं डोकं, म्हणजे मानाचा तुकडा, माझ्यासाठी बाजूला काढून ठेवते हो ती म्हातारी. जीव आहे माझा तिच्यावर. खुर्ची डोक्यावर घेतली आणि भर गावातून मीच नेऊन दिली. वाइसाकेनं ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणतो, "दाजी, बसून बसून केवढा खड्डा पाडलाय! आई ह्यात हरवली तर शोधायला तुम्हीच या." डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरं सांगतो.

आता मी पायरीवर बसतो. फरक मात्र पक्का कळला. नैतिकतेत खुर्ची नुसती जाते. नीतिशास्त्रात आधी झोप जाते, मग खुर्ची जाते, आणि वर ती पोचवायचीही आपणच!