टोपलीतलं ऊन

मुरबाड स्टँडवर टोकावड्याची गाडी लागली, तरी बाकावरच्या मायलेकी उठेनात, म्हणून शेजारी गोणी घेऊन बसलेल्या भगीरथचे कान तिकडे वळले. ठमीच्या मांडीवर तिनेच वळलेली खोलगट टोपली होती. लेकीने, रविनाने, तिला आतून सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवली होती.

“फेकून दे ती, आये.”

“का गो? टोपली चुकली का माझी?”

“सूर्यचूल केली, तरी डब्यातलं अंडं कच्चंच. सर सगल्यांसमोर बोलले, तुमी टोपल्याच वळा, विज्ञान तुमचं काम नाय.”

“त्याच्या जिभेला हाड नाय. उद्या परत बघनार हायेत ना?”

“बघून काय उपेग?”

“चाय पी आधी, निवली.”

“थांब, पेला हलवू नको! आत बघ.”

“माशी पडली?”

“ऊन पडलंय. कडेवरनं उलटून आलेलं. दोन शिंगांसारखी रेघ, नि मधी टोक. सगल्यात जास्त उजेड त्या टोकाला.”

“मग?”

“टोक कडेला नाय, मधोमध पन नाय. दोघांच्या मधी. टोपलीत पन तसंच जमत असनार, नि मी डबा तळाला ठेवला होता.”

“म्हंजे ऊन वर जमलं, नि अंडं खाली थंड बसलं?”

“हां. डबा अधांतरी पायजे. पन हवेत ठेवू कसा?”

“शिंक्यात टांग.”

“सर हसतील.”

“हसू दे. अंडं त्यालाच सोलाय देऊ.”

कंडक्टर ओरडला, “टोकावडे कोन ऱ्हायलं?”

“आमी नाय. ऊन हाय तवर बांधून बघतो,” ठमी म्हणाली. “भाऊ, तुमच्या गोणीची सुतळी देता का?”

सुतळी काढून द्यायला भगीरथने गोणी तिथंच बाकावर रिकामी केली.