लांडग्याचा डावा हात

पुतणी: पुन्हा सांगते काका, माझ्या सिनेमातला नरलांडगा कोणाला खात नाही.

काका: मग पौर्णिमेला माणसाचा लांडगा होऊन बाहेर पडतो कशाला? पाय मोकळे करायला?

पुतणी: त्याचं एका मुलीवर प्रेम आहे.

काका: झालं. मी पहिला लांडगा केला तेव्हा तो दिसेल त्याला फाडायचा. पुढे फाडल्यावर रडायला लागला. मग कॉमिकवाल्यांनी त्याला तंग विजार घालून चोर पकडायला जुंपलं. तिथून तो कॉलेजात गेला आणि दाढी करायला लागला. दर सिनेमात केस कमी, दंड जास्त.

पुतणी: लोकांना आता त्याच्या मनात काय चाललंय ते बघायचं असतं.

काका: मनाला केस चिकटवता येत नाहीत. बावीस वर्षं जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवत लांडगे केले मी, आणि ते अंगावर चढवून कॅमेऱ्यापुढे गुरगुरलोही मीच. आता तुझे निर्माते म्हणतात, संगणकावर होईल. मला चहाला बोलावलंस की निरोप द्यायला, ते एकदा सांगून टाक.

पुतणी: मला तुम्हीच हवे आहात. तीन वाजता तसं त्यांना कळवायचंय. फक्त एक अट आहे. डावा हात माणसाचाच ठेवायचा, बिनकेसांचा.

काका: तो कशाला?

पुतणी: तुमच्या सगळ्या लांडग्यांचा तसाच होता ना! मी त्यावर प्रबंध लिहिलाय. ‘उरलेलं माणूसपण’. दोनशे पानं.

काका: एका हातावर?

पुतणी: हसताय काय? केस संपले होते असं सांगू नका हं, माझी पदवी जाईल.

काका: केस पोतंभर होते गं. तुझी आई कामावर गेली की तू माझ्याबरोबर स्टुडिओत. माझ्या पहिल्या लांडग्याच्या वेळी चार वर्षांची होतीस. माझे सुळे बघून तुला काडीची भीती वाटायची नाही. पण दुपारी झोपताना माझा हात धरायला लागायचा, आणि केस टोचले की अख्खा स्टुडिओ डोक्यावर घ्यायचीस. रोज हाताचे केस काढा, परत चिकटवा. दिग्दर्शक वैतागला. शेवटी म्हटलं, डावा राहू दे तसाच. लोकांना आवडला, म्हणून पुढेही राहिला.

(पुतणी पिशवीतून फोन काढते.)

काका: आता ते प्रबंधात घालू नकोस. फुकट हसं होईल.

पुतणी: मी फोन लावते त्यांना. लांडगा तुम्हीच करायचा.

काका: आधीच सांगतो, बोटं थरथरतात आता. वेळ लागेल.

पुतणी: लागू दे. मी बसेन शेजारी.

काका: मग त्या हातालाही लावून टाकू का केस? आता काही तुला झोपवायचं नाही.

पुतणी: नको. राहू दे तसाच.