घरून धुऊन आणलेले पाय

पिंप उपडंच राहू द्या, फादर. सरळ करू नका — वाऱ्यानं पडलेलं न्हाय ते, मी पालथं घातलंय. कशाला? असंच. बसा. आणि तो कागद खिशात ठेवा, वाचून दाखवायची गरज न्हाय. बारा नावं, बारावं माझं, इनास नाखवा — बावीस वर्षं तेच हाय. तुम्ही उत्तनला नवीन, तुम्हाला वाटलं म्हातारा रुसला असेल, जाऊन दोन गोड शब्द बोलू, संध्याकाळी येऊन खुर्चीत बसेल. न्हाय बसणार. गुडघे? गुडघे चांगले हायत, अजून बोटीवर चढतो. येणार न्हाय म्हणजे येणार न्हाय. पाणी घ्या.

आज पवित्र गुरुवार. तुम्ही कमरेला टॉवेल बांधणार, खाली बसणार, बारा जणांचे पाय धुणार — प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. चांगलं हाय. पण एक सांगू? हसू नका. त्या बारांतला एक पण मळके पाय घेऊन देवळात येत न्हाय. कसा येईल? अख्ख्या गावासमोर मोजा काढायचा, भेगा दिसल्या तर वर्षभर बोलतील! दुपारपासून घरोघर टाचा घासायला बसतात. माझी रेजिना होती तोवर ती मला बादलीपाशी बसवायची, वजरीनं घासायची, वरून खोबरेल लावायची — म्हणायची, फादरला तुमच्या पायाला मावऱ्याचा, मासळीचा वास येता कामा नये. हा बस्त्याव, तुमच्या कागदावर सातवा — तो एकदा भाईंदरला पार्लरमध्ये जाऊन आला. खरंच! बासष्ट वर्षांचा घोडा, गुलाबी नखं घेऊन माझ्या शेजारी बसला. तर असे हे पाय, फादर. घरून धुऊन आणलेले. त्यांच्यावर तुम्ही तांब्याभर पाणी घालता, पुसता, ओठ टेकवता. प्रभूसमोर बसले होते ते धुळीतनं चालत आले होते. मी तिसरीपर्यंत शिकलो, शास्त्र मला कळत न्हाय. पण एवढं कळतं.

गेल्या वर्षी? होतो की. बसलो होतो. तेच तर — काय सांगितलं तुम्हाला बस्त्यावनं? त्याला अर्धं ठाऊक. ऐका मग.

धाकू माझा खलाशी. तलासरीकडचा, वारली. एकोणीस वर्षं माझ्या बोटीवर. दर्यावरनं आला की ओटीवर पाऊल टाकायच्या आधी मी ओरडायचो — धाकू, पाय धू! हे पिंप त्यासाठीच ठेवलेलं. आम्ही पण त्याच चिखलातनं यायचो, मी, माझा मुलगा — आम्ही सरळ आत. पाय धुवायचे ते खलाशांनी. आणि धुऊन पण तो बसायचा कुठं? पायरीवर. जेवायचा तिथंच, ताट मांडीवर घेऊन. मी कधी बोललो न्हाय, आत ये. देवळात ऐकायचो, एकमेकांचे पाय धुवा, प्रभूची आज्ञा हाय — मान हलवायचो — घरी यायचो, ओरडायचो, पाय धू.

गेल्या पवित्र गुरुवारी बोटी किनाऱ्याला घेत होते, शुक्रवारी कुणी दर्यावर जात न्हाय म्हणून. चार वाजता सदू खलाशी धावत आला. धाकूचा पाय दोरात गावला, दोर मशीनवर चालू होता, रक्त थांबत न्हाय — नाखवा, गाडी काढा. गाडी इथंच होती, फादर. या दारात, चावी माझ्या खिशात. आणि मी टाचा घासून, पांढरे मोजे चढवून बसलेलो. खाली किनाऱ्यावर नुसता रेंदा, घोटाभर चिखल. मी बोललो, रिक्षा बघ, भाईंदरला ने, देवळातली मिस्सा झाली की मी येतो. रिक्षा कुठली मिळणार? आमचे रिक्षावाले सगळे देवळात! मासळीच्या टेम्पोत घालून नेला त्याला, दोन तासांनी. तेव्हा मी खुर्चीत होतो. तुमच्या आधीचे मोठे फादर वाकले, माझ्या पायावर पाणी घातलं — कोमट होतं, गुलाबाचा वास येत होता. उजवा पाय. धाकूचा पण उजवाच. डॉक्टर मला नंतर बोलले, लवकर आणला असता तर — पुढचं मी ऐकलं न्हाय. घोट्याच्या वर कापला.

रडत न्हाय मी. बोंबील सुकतायत तिकडं, खारा वारा डोळ्यात जातो.

आता माझ्या मागच्या खोलीत राहतो तो. कुबडी घेऊन बोंबलांची राखण करतो, कावळे हाकलतो. मी त्याला बोलतो, आत ये, माझ्याबरोबर जेव. येतो. पण आधी पिंपापाशी जातो. भिंतीला खांदा टेकतो, एका हातानं कुबडी, एका हातानं तांब्या — आणि तो राहिलेला पाय धुतो. मी सांगितलेलं न्हाय! वर्षभर एकदा पण सांगितलेलं न्हाय. तरी धुतो. मग मी परात घेऊन पुढं झालो — बस धाकू, मी धुतो. दहादा केलं. तो पाय मागं घेतो, बोलतो, नाखवा, धुतलाय की. झालं. शिष्य पेत्र पाय धुवून घ्यायला न्हाय बोलला तेव्हा प्रभूकडं उत्तर होतं. माझ्याकडं न्हाय. पाय खरंच स्वच्छ असतो. परातीतलं पाणी मी माडाला ओततो.

त्याला देवळात आणू? बाराव्या खुर्चीत? तुमचं मन चांगलं हाय, फादर. पण न्हाय. शंभर मोबाईल वर होतील. तो लाजून मरेल, आणि गाव बोलेल, इनास नाखवाचं काळीज केवढं मोठं बघा. पाय त्याचा गेला, आणि मान मी घेऊ? आणि तो काय करेल ठाऊक हाय? इथनं निघायच्या आधी पाय धुवेल.

नाव खोडा माझं. पेन हाय ना? खोडा, माझ्यासमोर.

ती परात? ती मावऱ्याची. — न्हाय. आजच्या दिवशी खोटं कशाला बोलू. पाणी गरम करून ठेवलंय, तिसऱ्यांदा. पिंप त्यासाठीच पालथं घातलं, बाहेरच्या नळाची तोटी पण काढली, ही बघा खिशात हाय. सकाळपासून तो तिकडं बोंबलांपाशी चिखलात हाय. आज त्याला थेंबभर पाणी मिळायला नको.

गप. कुबडी वाजली. उठा, फादर — आशीर्वाद नंतर द्या. मागच्या दारानं जा, तुम्हाला बघितलं तर तो पायरीवरच थांबेल. जा बोललो ना! पिंप बघतोय तो...

धाकू! राहू दे ते. पाणी न्हाय आज. इकडं ये — तसाच ये.