जिवंत माणसाचं नाव रस्त्याला नाही

…नाही, मी काय म्हणतो, तब्येत विचारायची काही रीत असते की नाही? सकाळी पाव आणायला गेलो की पाववाला, "काय आन्सेल्मोसाहेब, छातीत वगैरे दुखत नाही ना?" कॉफीला टेकलो की शेजारचा, "रंग जरा उतरलाय तुमचा." अहो, बारा वर्षं महापौर होतो मी या शहराचा, तेव्हा माझ्या छातीची चौकशी एकानं केली नाही… पण दोष कुणाला देऊ? नियम माझाच.

तुम्हाला सांगतो, पहिली निवडणूक मी डॉक्टर बेलार्मिनोंच्या विरुद्ध जिंकलो. अकरा मतांनी! अर्ध्या शहराची नाळ त्यांनी कापलेली, माझ्या दोन्ही पोरींचीसुद्धा, आणि फी काय, तर कुणाची अंडी, कुणाचा कोबी. पडले, तरी दुसऱ्या दिवशी माझ्या दारात हजर, माझा रक्तदाब बघायला. म्हणाले, "जिंकलेल्यांचा जास्त वाढतो." पुढं माझ्या दुसऱ्या खेपेला लोकांनी अर्ज आणला, सातशे सह्यांचा, नदीकाठच्या रस्त्याला डॉक्टरांचं नाव द्या म्हणून. माझं डोकंच सणकलं. तोवर सात चौकांत सात सर्कल बांधली होती मी, एकात तर सिमेंटचा सार्डिन मासा, लॉरीएवढा… आणि नाव कुणाचं, तर पडलेल्याचं? भर सभेत उठलो आणि ठराव मांडला, जिवंत माणसाचं नाव रस्त्याला द्यायचं नाही. हात वर, मंजूर. नियम माझाच.

डॉक्टर तेव्हा एक्याऐंशीचे. काठी टेकत समोरून आले, म्हणाले, "म्हणजे आता मरावंच लागणार म्हणा. घाई करतो थोडी, तुमच्याच कारकिर्दीत जमलं तर बरं." हसत होते हो. मीही हसलो. काय म्हणून हसलो मी…

आमच्याकडं लागोपाठ तीनच खेपा मिळतात, तो नियम मात्र माझा नाही. तिसरीच्या शेवटच्या वर्षी जमवलं त्यांनी. पाटी उघडायची माझ्याच हातून. बँड, निळा पडदा, दोरी अडकली, मी हिसका दिला, तर पडदा थेट पाद्रीबाबांच्या डोक्यावर… आणि मग भाषण. आयुष्यात बोललो नाही असं बोललो. नाळ, अंडी, कोबी, तो रक्तदाब, सगळं. बँडवाले रडले. मीही रडलो, खोटं नाही सांगत. खाली उतरलो, तर समोर डॉक्टरांची बहीण, एर्मेलिंदाबाई, काळ्या शालीत. शांतपणे म्हणाल्या, "एवढं सगळं ठाऊक होतं तुम्हाला? मग त्याला ऐकू येत होतं, तेव्हा का नाही बोललात?"

काय सांगणार? नियम आहे म्हणून? एक रस्ता द्यायचा होता हो, त्या माणसाला त्यावरून एकदा काठी टेकत जाऊ द्यायचं होतं. नाही दिलं मी.

तर परवा नवी महापौर, नोएमिया, पोरगी गुणाची आहे, कॉफीला माझ्याशेजारी येऊन बसली. हळूच म्हणते, "साहेब, माशाच्या सर्कलला तुमचं नाव द्यायचं एकमतानं ठरलंय. पाटी तयार आहे, पडदा शिवून झालाय. आता काय ते तुमच्याकडूनच बाकी आहे."

म्हटलं, "भाषण लिहिलंस?"

"लिहिलंय. छान जमलंय."

"मग वाच की. आत्ता, इथंच. मला ऐकू येतंय अजून."

पोरगी गोरीमोरी झाली. "तसं नाही करता येत, साहेब… नियम आहे."

आहे खरा. कॉफी गार झाली होती, ती तशीच प्यायलो आणि म्हटलं, "बघतो बाई, तुझ्या कारकिर्दीत जमतंय का."