भैरोबाचा हप्ता

रिपोर्ट जुळवताना देव आडवा आला, असं माझ्या बाबतीत एकदाच झालं. इस्लामपूरच्या एका पंपाच्या कारखान्यात आमच्या सॉफ्टवेअरचा तयार रिपोर्ट मी त्यांच्या खात्यांवर बसवत होतो. कर्जासाठी तो बँकेत जायचा होता. सगळी खाती बसली, एकच उरलं: 'भैरोबा यात्रा वर्गणी'. आमच्या साच्यात देवाला जागा नव्हती. मी ते जाहिरातीत टाकलं.

जुने हिशेबनीस अण्णा भडकले. "आवं, देवाची जाहिरात करतोय व्हय आमी?"

"मग कुठे टाकू?"

"विम्यात टाका."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. टाकलं.

बँकेच्या साहेबांनी रिपोर्ट बघून विचारलं, "विमा एवढा? कंपनी कोणती?"

अण्णा म्हणाले, "भैरोबा. दरसाल हप्ता भरतोय, क्लेम करायची पाळी अजून आली न्हाई."