थँक्यू, ड्रायव्हर

वेल्समधल्या स्वॉन्झीत सकाळच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे ग्लेनिस होती, हॉस्पिटलच्या लाँड्रीचा निळा झगा घातलेली. शेजारी त्याच लाँड्रीतली तिची मैत्रीण मायर, इलेक्ट्रिक सायकल धरून.

"सायकल मिळाली तरी रांगेत कशाला येतेस गं, मायर?"

"तुझी बस येईपर्यंत. अकरा वर्षांची सवय आहे."

"चढावर दम लागत नाही?"

"गुडघ्यांना पत्ताही लागत नाही. संध्याकाळची बस बंद झाल्यापासून मला जाता येईना, आई टेकडीवरच्या घरी एकटीच जेवायची. आता रोज माझ्यासोबत जेवते."

"मग? हॉस्पिटलच्या सायकल योजनेचा अर्ज भरायला किती कुरकुर केलीस."

"पगारातून हप्ते कापणार म्हटल्यावर घाबरले होते गं. तू भरलास म्हणून झालं."

"सही तुझीच होती."

"हसू नकोस हं. काल लाँड्रीच्या दारात सायकलवरून उतरले आणि बसमधून उतरताना म्हणतो तसं सवयीनं म्हणाले, थँक्यू, ड्रायव्हर."

"सायकलला?"

"चांगलं मोठ्यानं. सुपरवायझर बघतच राहिली."

"तुझं कठीण आहे बाई. चल, बस आली माझी."

"ग्लेनिस, उतरताना ड्रायव्हरला माझंही थँक्यू सांग. माझ्या बसच्या शेवटच्या दिवशी घाईत म्हणायचं राहूनच गेलं."